फोटो काढणारीची जागा

"टूर तुमच्या मनासारखी," असं गाइड मयूरी फोनवर सगळ्यांनाच सांगायची, पण गुलाबरावांनी ते फारच मनावर घेतलं. आमेर नको, सिटी पॅलेस नको. सकाळच्या उन्हात फक्त हवामहाल, तोही समोरच्या फुटपाथवरून.

"काका, जयपूरला पहिल्यांदाच ना?" जयपुरातच वाढलेल्या मयूरीने अडखळत्या मराठीत विचारलं.

"नाही गं. नऊ वर्षं रेल्वेत गार्ड होतो इथं. गावाकडून सारखे पाहुणे यायचे. त्यांना शहर दाखवायला आमची पार्वती जायची. तुम्हीपण चला की एकदा, म्हणायची. मी आपला कायम ड्यूटीवर."

त्यांनी पिशवीतून फोटोंची चळत काढली. हवामहालासमोर उभे मेहुणे, भाचरं, शेजारीपाजारी. मागच्या पौषात पार्वती गेल्यावर त्यांनी ते घरोघर जाऊन मागून आणले होते.

"यात काकी कोणत्या?"

"एकातही नाही. कॅमेरा तिच्याच हातात असायचा."

मयूरीने मोबाइल काढला. "तुम्ही उभे राहा काका, मी तुमचा छान फोटो काढते."

गुलाबरावांनी मान हलवली. एक फोटो डोळ्यांसमोर धरून, त्यातल्या खिडक्या समोरच्या खिडक्यांशी जुळेपर्यंत ते पाऊल पाऊल मागे सरकत गेले. जुळल्या तसे थांबले. मग जागा करून दिल्यासारखे थोडे बाजूला झाले.

"आज ड्यूटी नाही," ते हळूच म्हणाले. "हं, दाखव."

मयूरी माहिती सांगायला पुढे झाली, आणि तिथेच थबकली. काका तिच्याशी बोलत नव्हते.