पुढील क्षय : बंद

स्क्रीनवर एक ओळ.

पुढील क्षय : बंद.

रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञ बाईंनी ती पुन्हा वाचली. वरची वाचली, खालची वाचली, परत तिच्यावर आल्या.

"ही फाईल कुठली?"

"तुमचीच, मॅडम," सहकारी म्हणाला. "तुम्हीच दिली होती."

"चाचणीची होती ती! लवकर संपावी म्हणून पुढचं सगळं बंद ठेवलं होतं."

"मग तसं बोलायचं ना. मी पेशंटची वजन-उंची घातली आणि चालवली."

"आणि मी आकडा बघून सही ठोकली."

औषधाचा किरणोत्सर्गी अणू शरीरात फुटतो; तोच क्षय. उरलेला पुन्हा फुटतो. त्यातून उरलेला पुन्हा. दर वेळी आसपासचं जळतं. कॅन्सरच्या गाठीचं, आणि मूत्रपिंडाचंही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो एकदाच फुटला आणि शहाण्यासारखा गप्प बसला. म्हणून मूत्रपिंडावरचा मारा किरकोळ दिसला. म्हणून डोस वाढवला.

शरीरात अशी सेटिंग नसते.

बाईंनी बंदचं चालू केलं. गणित सुरू झालं. चित्रातलं मूत्रपिंड हिरवं. पिवळं. लाल.

लाल.

अजून चालूच होतं.

टेबलावर पेशंटचा सकाळचा रक्ताचा रिपोर्ट पडला होता, मूत्रपिंडाचे आकडे बिघडलेले. तो बघूनच तर त्यांनी फाईल उघडली होती.

"दोन डोस गेलेत," सहकारी म्हणाला. मग, उत्तर ठाऊक असूनही, "काढून घेता येतं का काही?"

"डॉक्टरांना फोन लाव. आजचा थांबव. बाहेर मी सांगते."

बाहेर बाकावर निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको. काकांचे पाय सुजलेले, चपलांचे पट्टे सोडलेले.

"या मॅडम! गाडी सुटायची वेळ झाली, अन् तुमचा पत्ता नाही."

"काल जिना चढले हो," बायको म्हणाली. "मला मागे टाकून. किती महिन्यांनी!"

"काका, आज डोस नाही."

"का?"

बाई स्टूल ओढून समोर बसल्या. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मग एकदम समजल्यासारखे हसले.

"कमी पडतोय होय? अहो, मग वाढवा की! एवढं तोंड कशाला पाडता? मला झेपतंय."

आणि त्यांनी बाही वर सरकवून हात पुढे केला.