जवाच्या पिठाचा माणूस

 सकाळीच सासूबाईंनी माझ्यापुढे पिठाची परात आदळली.

"मळ. जवाचं आहे, घट्ट मळजो."

आमचे हे नौदलात होते. जहाजाची बाहेरची बाजू रंगवताना दोर तुटला आणि समुद्रात पडले, एवढंच तारेत होतं. सहा महिने झाले, देह सापडला नव्हता. मी अजून कुंकू लावत होते.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "अजून थोडं थांबू ना. कुठं काठाला लागले असतील तं?"

"अन् श्रावणचं लग्न? मोठ्या भावाचं क्रियाकर्म झाल्याबिगर बोरगाववाले पोरगी देऊन नाही राहिले. तू बस वाट पाहत, त्याचं वय चाललं निघून."

मी मळलं. महाराजांनी अंगणात, न सापडलेल्या देहाच्या जागी, पळसाच्या काड्या मांडल्या, त्यावर ते पीठ थापून माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला.

सासूबाई वाकून पाहत होत्या. "खांदे रुंद करा, महाराज. माह्या गुणवंताचे रुंद होते." तेवढ्यापुरता त्यांचा आवाज फाटला. मग त्यांनी माझ्या बांगड्या फोडल्या.

दुपारी माणसं नदीवरून परतली. पाच वर्षांची विजू आजोबांच्या कडेवरून उतरली आणि थेट माझ्या मांडीवर येऊन बसली.

"आई, पिठाचे बाबा तं जाळले. आता खरे बाबा आले का त्यायलेबी जाळतीन?"