ओवी झोपलीय तोवर सामुराई

दुबईत, अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये नऊ महिन्यांची ओवी एकदाची झोपली, आणि संजनानं कानात इअरफोन खुपसून मोबाइलवर तिचा लाडका जपानी सामुराई लावला. गडी काय होता! एकेका फटक्यात माणूस आडवा करायचा, आणि जिच्यावर जीव, तिची झोप मोडू नये म्हणून तिच्या बंद दाराबाहेर बर्फात तासन् तास उभा राहायचा. नेमके त्याच्या तोंडावरच सारखे मेसेज टपकत होते. बिल्डिंगमधल्या आयांच्या ग्रुपचे असणार, म्हणून संजना ते न वाचताच बोटानं बाजूला सारत राहिली.

भाग संपला. तिनं गाऊनच्या बाहीला डोळे पुसले. नाहीतर आमचा नवरा, अंकुर! परवाच बेल बडवून ओवीला उठवलंन्, तेव्हा केवढं फाडून खाल्लं होतं तिनं त्याला.

कचऱ्याची पिशवी ठेवायला तिनं दार उघडलं. बाहेर अंकुर चपलांच्या रॅकला टेकून बसला होता. मांडीवर लॅपटॉपची बॅग, शर्ट घामानं चिंब. शुक्रवारी ऑफिस अर्धाच दिवस असतं हे ती विसरली होती, आणि तो किल्ली.

"अरे, बेल वाजवायची ना!"

"हळू बोल, उठेल ती," तो कुजबुजला. "मेसेज टाकले की. सात."

सामुराईनं आजच्या भागात सहा जण आडवे केले होते. संजनानं एका बोटानं, एकाच माणसाला, सात वेळा.