कप आणा, मैदान घ्या

जोतीराम सरांनी पिशवीतून कप काढला आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या, लालासाहेबांच्या टेबलावर ठेवला. काचेवर खणकन आवाज झाला. जरा जोरातच ठेवला होता त्यांनी. दारात अंजना उभी होती, चपला बाहेर काढून.

लालासाहेबांनी चष्मा लावला. कप उचलून त्याचं बूड पाहिलं, बाजारात पातेलं पारखावं तसं.

"चांदीचा हाय?"

"मुलामा आहे, साहेब. पण विद्यापीठाचा आहे. आठशे मीटर, मुली. पहिला नंबर."

"वा मास्तर! आन् ही पोरगी कुणाची?"

"बिराप्पाची," अंजना म्हणाली. "जतकडची. हितं मावशीकडं ऱ्हाती."

कॉलेजच्या आयुष्यातला हा पहिला कप होता. सर पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे राहिले. ते वाक्य त्यांना गेल्या वर्षी कबूल झालेलं होतं.

कॉलेजला मैदानासाठी पाच एकर जमीन मिळाली होती. ती सपाट करायला पैसे नव्हते. लालासाहेब म्हणाले, एकदाच ऊस लावू, त्याच्या पैशात मैदान करू. ऊस झकास आला. तुटला, कारखान्याला गेला, जिमखान्याच्या नावावर पैसे जमा झाले. सर पांढऱ्या फक्कीची बादली घेऊन मैदान आखायला गेले, तर बुडख्यांना हिरवे कोंब फुटले होते. लालासाहेब म्हणाले, "खोडवा हाय मास्तर. बियाणं न्हाई, नांगरट न्हाई, नुसतं पाणी पाजायचं. फुकटचं पीक कुणी मोडतं व्हय?" पुढच्या वर्षी खोडव्याचा खोडवा राहिला. जिमखान्यासाठी एक जीप आली. तिच्यातून लालासाहेब साखर कारखान्याच्या मीटिंगांना जात. खेळाडू एस.टी.ने जात.

सर फार मागे लागले, तेव्हा लालासाहेबांनी भर सभेत शब्द दिला होता : "एक कप आणून दावा. त्या दिवशी ऊस मोडतो."

आता तो कप टेबलावर होता. लालासाहेबांच्या डोक्यामागे 'बोला कमी, काम जास्त' अशी पाटी होती. तशा पाट्या आणीबाणीच्या त्या वर्षी सगळ्याच कचेऱ्यांत लागल्या होत्या.

"शब्द म्हंजे शब्द," लालासाहेब म्हणाले. "ऊस मोडायचा. उद्याच नांगर घालतो."

अंजनाने पदराआड हसू दाबलं. तिचं अजून एक वर्ष होतं. एक वर्ष तरी उघड्या मैदानावर, उन्हावाऱ्यात पळायला मिळणार होतं.

"पर मला एक सांगा मास्तर," कप खाली ठेवत लालासाहेब म्हणाले. "मैदान न्हवतं, तर ही पळली कुठं?"

इथे सरांनी गप्प बसायला हवं होतं. पण तीन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"उसात, साहेब."

"उसात?"

सर सांगू लागले. गेल्या वर्षी अंजना कालव्याच्या रस्त्यावर सराव करायची. कालवा सरळ, रस्ता सरळ. स्पर्धेत पहिलं वळण आलं आणि पोरगी बाहेर फेकली गेली. वेगात असलेली वस्तू सरळच जाणार, तिचा काय दोष? पाचवी आली. म्हणून यंदा कोंब लहान असतानाच सरांनी खुंटी ठोकली, दोरी धरली आणि पिकाच्या आत चारशे मीटरची लंबगोल वाट आखली. वाटेतले बुडखे स्वतः खणून काढले. ऊस वाढला तशी ती वाट बाहेरून दिसेनाशी झाली. अंजनाची मावशी म्हशीला गवत कापायच्या निमित्ताने आत बसायची. पोरगी आखूड चड्डीत पळते हे गावाला दिसलं नाही, त्यामुळे बिराप्पाही काही बोलला नाही. वळणावर जरा बाहेर गेलं की उसाचं पान दंडाला कापायचं. महिन्याभरात ती आतल्या कडेला चिकटून वळायला शिकली.

"दाखव की गं," सर म्हणाले. अंजनाने बाही वर केली. दंडावर पांढऱ्या, बारीक रेघा होत्या.

सरांना वाटलं, आता साहेबांना लाज वाटेल.

लालासाहेबांनी वाकून त्या रेघा निरखल्या. मग त्यांनी घंटी वाजवली आणि प्राचार्यांना बोलावलं.

"प्राचार्य, बाकीच्या कॉलेजांस्नी मैदानं हायती न्हवं?"

"आहेत, साहेब. सगळ्यांना."

"मग कप का न्हाई आला त्यांस्नी?"

प्राचार्यांनी कप उचलून पाहिला.

"आमी इतकी वर्सं खुळ्यावानी ऊस मोडायचं बोलत हुतो," लालासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "आवं, पोरगीला उसानं घडवलं! मास्तर, तुमच्यामुळं कळलं. तुमचा सत्कार करायचा, फेटा बांधून."

"साहेब, पण शब्द..." सर म्हणाले.

"शब्द तुमच्या भल्यासाठी दिल्ता. आता तुमच्याच भल्यासाठी मागं घेतो."

अंजनाने बाही हळूच खाली ओढली. "आन् ऊस तुटल्यावर मी कुठं पळायचं?"

"खोडवा हाय की गं," लालासाहेब प्रेमाने म्हणाले. मग प्राचार्यांकडे वळले. "आपलं व्हॉलीबॉलवालं कवाच जिंकत न्हाईत, न्हवं? त्यांच्या कोर्टातबी लावण करून टाका."