मास्तरांची टाच

“थांबा! कुणाचा तरी बूट वाजतोय,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडला.

मिनेझिस मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि ओशाळून पाय खुर्चीखाली ओढला. दहा वर्षं हॉटेलात त्यांनी अठरा जणांचा बँड याच टाचेच्या ठेक्यावर चालवला होता. मग दारूबंदी आली, नाचाचे हॉल ओस पडले आणि बँड मोडला. आता ते आणि त्यांचे जुने गडी सिनेमाच्या गाण्यांना वाजवत.

दुसऱ्या टेकच्या वेळी मास्तरांनी पाय घट्ट दाबून धरला. सूर चुकला नाही, ताल चुकला नाही. पण गाणं मढ्यासारखं पडून राहिलं. समोर उभं राहून हातांनी ताल देणाऱ्या तरुण संगीतकाराने हात थांबवून वादकांकडे पाहिलं. निम्म्या जणांचे डोळे त्याच्या हातांवर नव्हतेच. ते मास्तरांच्या बुटावर होते.

त्याला जवळ येताना पाहून मास्तर उठले. “चूक माझी. मी निघतो.”

त्याने अंगातलं जाकीट काढलं, त्याची घडी घातली आणि गुडघे टेकून ती मास्तरांच्या खुर्चीपुढे जमिनीवर ठेवली.

“बसा मास्तर. यावर आपटा टाच,” तो म्हणाला. “मी तुमच्या मागोमाग हात हलवतो.”