पाठवणाऱ्याचा पत्ता

स्क्रीनवरच्या लाल पट्टीतली ओळ आयुषने तीनदा वाचली. ‘आपले खाते तात्पुरते बंद करण्यात आले आहे.’ सकाळचे साडेआठ वाजले होते. बारा वाजता दिवाळीची मेल नऊ हजार गिऱ्हाइकांना जायची होती.

आयुष पांढरकवड्याच्या ऑफिसात बसून मध विकायचा. कंपनी झरी जामणीकडच्या अठ्ठावन्न कोलाम आदिवासी बायकांची होती. त्या जंगलातला मध गाळत, बाटल्या भरत. कागदोपत्री मालकिणी त्याच. आयुषला या गोष्टीचं हसू यायचं. नागपूरहून एमबीए करून आलेला हा गडी नाकाने कांदे सोलणाऱ्यांतला. दिवाळीचा माल खपला की त्याची नेमणूक पक्की होणार होती. बाकी काही जाणून घ्यायची त्याला गरज वाटली नव्हती.

मेल पाठवायचं सॉफ्टवेअर महिन्याभरापूर्वी बदललं होतं. फुकटच्या ईमेल पत्त्यावरून आता जाहिरात जात नव्हती, कंपनीच्या नावाचा पत्ता लागायचा. आणि नवा पत्ता म्हणजे नवी सून. पहिले काही दिवस सगळ्यांचे डोळे तिच्यावर. लोकांनी मेल उघडून वाचली तर पत्ता भरवशाचा. लोकांनी स्पॅमचं बटन दाबलं, तर पुढची सगळी पत्रं कचऱ्यात.

आयुषने यावर नामी युक्ती काढली होती. दर बुधवारी या बायकांच्या गटाच्या बैठकीला जायचं आणि बायकांना आपापल्या फोनवर कंपनीची मेल उघडायला लावायची. बटनं त्यानेच शिकवली. हे चांदणीचं, हे उत्तराचं. हे तिसरं, स्पॅमचं, नको असलेल्या पत्रासाठी, आपल्या पत्राला हे लावायचं नाही. बायका माना डोलवायच्या. गाढवापुढे वाचली गीता, असं तो परतताना दर वेळी मनात म्हणायचा.

मदतकेंद्रावरच्या माणसाने कारण शोधून सांगितलं. काल, बुधवारी, दिवाळीची मेल नमुना म्हणून थोड्या लोकांना गेली होती. संध्याकाळी एका तासात त्यातल्या अठ्ठावन्न जणांनी ती स्पॅम ठरवली. त्यांनी तक्रार मागे घेतली तर खातं उघडता येईल, एरवी हा पत्ता गेला.

अठ्ठावन्न. आयुषला आकडा ओळखायला वेळ लागला नाही. काल एकच बुधवार तो बैठकीला गेला नव्हता आणि तेवढ्यात या अडाण्यांनी घोळ घातला होता. एकीने चुकीचं बटन दाबलं असणार, बाकीच्या मेंढरांसारख्या मागे गेल्या असणार. त्याने गाडीला किक मारली. वाटेत अठ्ठावन्न वेळा तरी त्याने त्यांची अक्कल काढली.

शेडमध्ये बायका बाटल्यांना झाकणं लावत होत्या. अध्यक्ष पंचफुलाबाईंनी त्याला पाणी दिलं. त्याने ते घेतलं नाही. खडूने फळ्यावर तीन बटनं काढली आणि लहान पोरांना सांगावं तसं सावकाश, एकेक शब्द तोडून, तिसऱ्या बटनावर फुली मारून दाखवली. कुणाकुणाकडून चूक झाली त्यांनी हात वर करा, म्हणाला.

एकही हात वर झाला नाही. पंचफुलाबाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या, “चूक नाही झाली, भाऊ. तुमीच त शिकवलं. जे पत्र नको, त्याले हे बटन.”

“पण ते आपलंच पत्र होतं.”

“म्हणून त आधी वाचलं.”

पत्र इंग्रजीत होतं. इंग्रजीत लिहिलं म्हणजे पेटीला कुलूप लावलं, अशी आयुषची समजूत होती. पंचफुलाबाईंनी फोन पुढे धरून भाषांतराच्या खुणेवर बोट टेकवलं. फोन मराठीत वाचू लागला. त्याचीच वाक्यं होती. या अर्धपोटी, अंगठेबहाद्दर बायकांना जगाची ओळख नाही. त्यांची चूल तुमच्या दयेवर पेटते. खाली गटातल्या मैनाबाईंचा फोटो होता. जंगलात घालायचं फाटकं लुगडं नेसून, चपला काढून उभ्या राहा, असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी कारण विचारलं नव्हतं.

पंचफुलाबाईंनी ठरावाची वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. ‘आपल्याला भिकारी ठरवणारं पत्र आपल्या नावाने जाऊ नये, म्हणून प्रत्येकीने ते आपल्या हाताने बंद करावं. सर्वानुमते मंजूर.’ खाली अठ्ठावन्न सह्या होत्या. आयुषने पान उलटून पाहिलं. अंगठा एकही नव्हता.

तरी त्याचा तोरा उतरला नाही. भावनांनी धंदा होत नाही, तो म्हणाला. बारा वाजेपर्यंत तक्रार मागे घेतली नाही तर दिवाळी हातची जाईल. सगळा मध इथेच पडून राहील. मग बसा बघत.

कोपऱ्यात मैनाबाई बाटली पुसत होत्या. आज त्यांनी निळं कोरं लुगडं नेसलं होतं. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, खाली ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“पडून कायले राहीन? मध आमचा हाय. नाही खपला त आमी खाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमी काय खासान?”