वाट बघणारं बटण

दोन हजार बावीस साल. होळी नुकतीच झाली होती. रेवदंड्याच्या बंदरावर नीराबाई सुकट वाळत घालत होती. तिचा नवरा बुधाजी होडीत डिझेल ओतत होता आणि पुतणी नूतन त्याच्यापुढे मोबाइल धरून उभी होती.

नूतन पनवेलच्या कंपनीचं काम घरून करायची. मच्छीमार सोसायटीला तिने मोबाइलवरचं हे अ‍ॅप फुकट करून दिलं होतं. होडी सुटताना एक बटण दाबायचं, परतल्यावर दुसरं. दुसरं वेळेत दाबलं गेलं नाही, तर सोसायटीत भोंगा वाजणार.

"पण पहिलंच बटण कोणी दाबत नाही, काका. कोणी निघालंच नाही, तर ते वाट कोणाची बघणार?"

बुधाजीने डोळे बारीक करून वाचलं. "'जातो' लिवलंस, बाय. दर्यावर निंगालेला मानूस जातो म्हनतो? ह्यो बटन तुझ्या होनाऱ्या सासऱ्याला दे."

नीराबाई खुदकन हसली. "आन् म्हनं कोल्याची पोर."

नूतन जीभ चावून पायरीवर बसली. तिने तिथल्या तिथे शब्द बदलला. बुधाजीने 'येतो' दाबलं आणि होडी लोटली.

दुपारची भरती आली आणि ओसरूही लागली. बुधाजी आला नाही. नीराबाईला त्याचं काही वाटलं नाही. मुरुडला मासळी घालून तो कधीकधी लेकीकडे राहायचा. ती सुकट उलटत राहिली. तेवढ्यात भोंगा वाजला.

नूतन धावत आली.

"लेकीकडं असंल," नीराबाई म्हणाली.

"तिला फोन केला, काकी. तिकडे नाहीत."

नीराबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

दोन होड्या सुटल्या. कोर्लईच्या बाहेर बुधाजी सापडला. इंजिन बंद, मोबाइल पाण्यात, होडीला चीर. डब्याने पाणी उपसून त्याचे हात सुजले होते. किनाऱ्याला लागल्यावर त्याने नूतनचा मोबाइल मागितला आणि सुजल्या बोटाने 'आलो' दाबलं. भोंगा थांबला. मग नीराबाईला रडू फुटलं.

बुधाजीने पुढच्या वर्षी होडी विकली. आता तो ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी सांधतो आणि दुसऱ्यांना शिव्या देतो. नूतन लग्न होऊन पुण्याला गेली. नीराबाई दर नारळी पौर्णिमेला खाडीवर दोन नारळ नेते. एक दर्याचा. दुसरा कोणाचा विचारलं, तर म्हणते, "त्या दिशी जे झालं न्हाय, त्याचा."